योर्नची फाइल

ओर्टविन ब्राशच्या हातून आयुष्यात एकच जगाच्या उपयोगाचं काम झालं, आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता. पोटापाण्यासाठी तो जर्मनीतल्या बीलेफेल्डच्या पाणीपुरवठा कार्यालयात होता. संध्याकाळी पाव-चीजचं थंड जेवण आटोपून तो एक छोटा प्रोग्राम लिहीत बसे. पाण्याचे मीटर जे बिनतारी संदेश पाठवतात, ते वाचणारा. तो त्याने फुकट वाटला. लायसन्सही तितकंच सैल ठेवलं: घ्या, वापरा, विका, आपल्या बंद डब्यात घाला, फक्त माझं नाव कुठेतरी राहू द्या. हळूहळू कुठल्या कुठल्या देशांतल्या तळघरांतले मीटर त्यानेच वाचले जाऊ लागले. नाव कोणी वाचत नसे.

त्याचा मित्र योर्न हाकबार्ट नेमका उलट. त्याचं लायसन्स कॉपीलेफ्टचं: माझा कोड घ्या, पण त्यावर जे उभारून लोकांना द्याल तेही असंच उघडं ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी स्टेशनमागच्या बिअरगुत्त्यात दोघांचं टेबल राखीव असे. तिथे ते यावरून भांडत.

"तुझं लायसन्स म्हणजे दार नसलेलं घर," योर्न म्हणे. "कोणीही यावं, पलंग उचलून न्यावा आणि तुलाच विकावा."

"आणि तू जेवायला बोलावतोस, वर म्हणतोस, आता तू गावजेवण घाल."

"मग घाल की! कंजूस कुठला."

मीटर जुना झाला की संदेश तुटक येतो. त्यातून नेमका आकडा सावरून काढायची युक्ती योर्नला साधली होती, ओर्टविनला साधत नव्हती. एका गुरुवारी योर्न वैतागला. "घे बाबा, माझ्या कोडची फाइलच घे. डोकं खाऊ नकोस."

कोड वाटणारी ही मंडळी परक्याच्या दोन ओळी उचलतानाही लायसन्स शेवटच्या शब्दापर्यंत वाचतात. पण टेबलावरच्या माणसाकडे ते लेखी मागायचं म्हणजे त्याला एकदम परक्यासारखं 'अहो हाकबार्ट' म्हणण्यासारखं. ओर्टविनने फाइल घेतली, आणि आपल्या प्रत्येक फायलीच्या डोक्यावर असे तसं सैल लायसन्स तिच्याही डोक्यावर चिकटवलं.

योर्न गेल्या हिवाळ्यात वारला.

वसंतात एका मीटर कंपनीच्या वकीलबाईंचा फोन आला. कंपनी विकली जात होती. घेणाऱ्यांनी सगळा कोड तपासायला लावला होता, आणि तिच्या यंत्रांतल्या ओर्टविनच्या प्रोग्राममध्ये योर्नची फाइल सापडली होती.

"श्री. ब्राश, हा कोड कॉपीलेफ्टचा आहे. तुम्ही तो आम्हाला तुमच्या लायसन्सखाली दिलात. उद्या हाकबार्टांचा वारस म्हणेल, तुमच्या यंत्रातलं सॉफ्टवेअर उघडं करा, नाहीतर विक्री थांबवा. मग आम्हाला भरपाई तुमच्याकडे मागावी लागेल."

"त्याने मला दिली होती ती."

"लेखी?"

"बिअर पिताना."

"तोंडीही चालतं," बाई समजुतीने म्हणाल्या. "सिद्ध करता आलं तर. कोणी साक्षीदार?"

"एक होता. तोच वारला."

मार्ग एकच होता. वारसाने सही करून ती फाइल सैल लायसन्सखाली द्यायची. वारस म्हणजे योर्नची एकुलती एक मुलगी, विब्के, राहणार कील. ओर्टविन आगगाडीने गेला. तिने कॉफी केली, प्लमचा केक कापला आणि पेन घेऊन बसली.

"ओर्टविनकाका, मला यातलं ओ की ठो कळत नाही. सही कुठे करू तेवढं सांगा."

त्याने कागद पुढे सरकवला.

"आणि एक सांगा. बाबांना चाललं असतं ना? त्यांचं लिहिलेलं कंपन्यांनी बंद करून विकलेलं?"

एक 'हो' पुरेसं होतं. योर्न 'घे' म्हणाला होता, हेही खोटं नव्हतं. पण ज्याच्याशी जन्मभर भांडलो त्याचं मत आपल्याला ठाऊक नाही, असं म्हणायची सोय राहत नाही.

"नाही," ओर्टविन म्हणाला. "टेबलाखालून लाथ घातली असती त्याने."

विब्के हसली, मग रडायला लागली. तिने पेनाला टोपण लावलं.

फाइल काढून टाकायचं ठरलं. तिच्या जागी नवी लिहायची, ती योर्नचा कोड कधीही न पाहिलेल्या माणसाने, म्हणजे नकलेचा संशय नको. मग ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं तो ओर्टविनच बाद. वुच शहरातली हाल्श्का नावाची एक पोलिश बाई तयार झाली. काय निघायला हवं एवढंच तिला सांगायचं. कसं काढायचं ते नाही.

"जुन्यात हे कसं केलं होतं?" तिने फोनवर विचारलंच.

"ते सांगता येत नाही."

"विसरलात होय?"

"नाही."

नवी फाइल आली. जरा हळू चालते, पण चालते. वकीलबाईंनी कळवलं की श्रेयाच्या पानावरून हाकबार्ट हे नावही काढलेलं बरं. कोड नाही तर नाव कशाला, उगाच शंका येते. ओर्टविनने ते चार दिवस लांबवलं आणि मग काढलं. काढल्यावर त्याने विब्केला फोन केला. तिला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होतं.

"मग आता बाबांचं त्यात काय राहिलं?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "आता त्याचं लिहिलेलं कोणाला बंद करून विकता येणार नाही."

मग तिने विचारलं, "जेवलात का?"