नवऱ्याच्या पायाची नखं

म्युनिकच्या उन्हाळ्यात, तळ्याकाठी, आजूबाजूचे सगळे जेमतेम कपड्यांत लोळत असताना माझा नवरा मोजे घालून बसायचा. हातात पुस्तक. लेक पाण्यातून हाका मारायची, "बाबा, कोम! ये ना!" आणि हा पानं उलटायचा. थंडी वाजते, हे त्याचं ठरलेलं उत्तर. शेजारचे आजोबा उकाड्याने हैराण होऊन झाडाखाली सरकलेले असायचे.

खरं कारण फक्त मला माहीत होतं. त्याच्या दोन्ही अंगठ्यांची नखं बरीच वर्षं बिघडलेली होती. जाड, पिवळट, कडेने भुगा पडणारी. बॅडमिंटनच्या बुटांत घामेजलेल्या पायांना बुरशी धरली आणि ती मुक्कामालाच राहिली. ऑफिसात भल्याभल्यांशी वाद घालणारा हा माणूस, पण अंगठे दाखवायचे म्हटलं की नव्या नवरीसारखा लाजायचा. इकडे लेकीला पोहण्याचा पहिला बिल्ला मिळाला होता आणि तळ्याच्या मध्यावरच्या लाकडी तराफ्यापर्यंत तिला बाबाबरोबर जायचं होतं. माझ्याबरोबर नाही. मला पोहता येत नाही हे ती शेजाऱ्यांनाही सांगून आली आहे.

शेवटी मीच त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ती मिळाली पार झाडांची पानं गळायला लागल्यावर. तेवढ्यात याने पुण्याला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, हळद आणि खोबरेल तेल लाव. डॉक्टर कशाला हवाय?" एरवी आईचं एक न ऐकणारा मुलगा हे मात्र मनापासून ऐकून बसला. तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत लेप चालू.

डॉक्टरीणबाईंनी मोजे काढायला लावले आणि त्या नुसत्या बघतच राहिल्या. नखं झेंडूसारखी पिवळीधमक. त्यांनी भिंग घेतलं, मग शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला बोलावलं. दोघं गंभीरपणे बोलू लागली. नवऱ्याचा चेहरा उतरला. "आल्झो, म्हणजे," मी घसा खाकरत म्हटलं, "ती हळद आहे." बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी फक्त नखं घेऊन या." बाहेर येईपर्यंत मी हसू कसं आवरलं, ते माझं मला माहीत.

नखाचा तुकडा तपासणीला गेला, बुरशीच निघाली. मग गोळ्या सुरू झाल्या, त्याआधी यकृत ठीक आहे ना म्हणून रक्ताची तपासणी. तोवर पुण्याहून येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर सासूबाईंनी बायोटिनच्या बाटल्या पाठवल्या होत्या. "अगं, केसांना, नखांना, सगळ्याला चांगलं," त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, "हो आई, देते त्याला." डॉक्टरीणबाईंनी मात्र साफ नाही म्हटलं. बुरशी काही कुपोषणामुळे झालेली नाही, आणि त्या कॅप्सूलमुळे काही रक्ततपासण्यांचे आकडे भलतेच येऊ शकतात, त्या बंद करा. हे सासूबाईंना कोण सांगणार? बाटल्या मीच संपवल्या. माझी नखं होती तशीच आहेत.

हिवाळाभर दर रविवारी तो बाथरूममध्ये स्टुलावर बसून नखं घासायचा आणि वर नेलपॉलिशसारखं औषधी लॅकर लावायचा. मी दारात उभी राहून विचारायची, "लाल रंग आणून देऊ का?" तो ब्रश माझ्यावर रोखून धरायचा. पण गंमत जाऊ दे, त्याची चिकाटी बघून मला त्याचं कौतुक वाटायचं.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा नखं अर्धी बरी झाली होती. खालून गुलाबी आणि नितळ, वर जुना पिवळा तुकडा. पायाचं नख पुरतं यायला वर्षाहून जास्त लागतं, असं बाईंनी बजावलं होतंच. म्हणून साहेब परत मोजे घालून तळ्यावर. पुढच्या वर्षी नक्की, असं मला हळूच सांगून झालं.

लेक पाण्यातून आली आणि टॉवेल गुंडाळून त्याच्या शेजारी बसली. त्याने थट्टेत विचारलं, "काय गं, आज हाका नाही मारल्यास?"

ती जर्मनमध्ये, अगदी शांतपणे म्हणाली, की तुला माझ्याबरोबर यायला आवडत नाही ना, म्हणून आता मारत नाही.

त्याने पुस्तक बाजूला ठेवलं, मोजे काढले आणि पाय तिच्यासमोर धरले. "याच्यामुळे येत नव्हतो," म्हणाला. "मला लाज वाटायची."

तिने वाकून दोन्ही अंगठे नीट पाहिले. "दुखतं का?"

"नाही."

"मग चल."

दोघं पाण्यात शिरली. तराफ्याकडे जाताना ती पुढे होती, आणि मध्येच थांबून पुन्हापुन्हा मागे बघत होती, तो खरंच येतोय ना म्हणून.