कानसेनांचा अंदाज

गिरणीत त्यांना सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. नाव पडलं ते मागांमुळे. शंभरावर माग एकदम धडधडत असताना हे फिटर दारातूनच सांगत, अमक्या मागाचा आडवा धागा नेणारा धोटा नीट बसत नाहीये, आणि तसंच निघे. बत्तीस वर्षांत आपला अंदाज एकदाही चुकला नाही, असं ते म्हणत. बायको तिथेच बॉबिन भरायला होती. तिच्या मते दोनदा चुकला होता, पण तिला विचारतो कोण!

गिरणी बंद पडल्यावर दोघं परगावी मुलीकडे राहायला गेले. तळ्याकाठच्या त्या शहरात आता पंपघराचं संग्रहालय झालं होतं, काडेपेटीच्या कारखान्याचं झालं होतं आणि तिथल्या एका जुन्या गिरणीचंही. तिथे रोज अकराला एक माग चालवून दाखवतात हे कळताच कानसेनांनी तिकिटं काढली. घरातले सगळे हल्ली पुटपुटतात, अशी त्यांची तक्रार होती. मुलीने कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की ते घर डोक्यावर घेत. आपले कान शाबूत आहेत हे त्यांना एकदाचं दाखवून द्यायचं होतं, बायकोला आणि थोडं स्वतःलाही.

बायकोला तळ्याकाठी जरा बसायचं होतं. तिला घाईघाईने पुढे नेत ते पावणेअकरालाच मागाभोवतीच्या दोरीपाशी जाऊन उभे राहिले.

संग्रहालयात माग दाखवणाऱ्या मुलीने तो सुरू केला. कानसेनांनी डोळे मिटले, मान कलती केली आणि हात वर केला. ठोका अर्धाच पडतोय, माग थांबवा, असं त्यांनी फर्मावलं. जुना माणूस म्हणून मुलीने ऐकलं. पट्टे तपासले, धोटा काढून पाहिला, आतल्या मेकॅनिकलाही बोलावलं. काही बिघडलं नव्हतं. माग पुन्हा सुरू झाला.

या वेळी कानसेनांचे डोळे उघडे होते. धोटा पार टोकाला जाऊन आदळत होता. कापड निर्दोष उतरत होतं. आणि शेजारच्या बाई प्रत्येक ठोक्याला दचकून डोळे मिटत होत्या. त्यांनी मुलीची माफी मागितली आणि ते बाहेर आले.

दोघं तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसले.

"अगं, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. दोन वर्षं ओरडून ओरडून घसा बसलाय माझा," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या बाकावरचे वळून बघायला लागले.

कानसेनांना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"ठोका पडत होता ना पूर्ण?"

तिने होकारार्थी मान हलवली, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि बोटाने त्यावर मागाचा ठोका धरला.

"जरा सावकाश," ते म्हणाले.

तिने सावकाश धरला.