धुतलेली काठी

माझी मावशी बीअर करायची. काळी, घट्ट, जराशी करपट. गिऱ्हाइकं तिला नुसतं ‘काळी’ म्हणायची. गोदामातले हमाल, ड्रायव्हर, समोरचा न्हावी, सगळे संध्याकाळी मावशीच्या पुढच्या खोलीतल्या बाकांवर येऊन बसत. कुणी फार बडबड केली की मावशी त्याचा मग भरायचं बंद करी. तिनं लग्न केलं नाही. आजी लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, तिनंच वाढवलं.

काळीचा जन्म भांडणातून झाला. मावशीच्या आजीनं मोड आलेलं धान्य वाळवून भाजायला घेतलं, मध्येच शेजारणीशी भांडायला दारात गेली आणि धान्य करपलं. टाकून देणारी बाई नव्हती ती. तिनं तेच शिजवलं. भांडण कशावरून झालं ते आज कुणालाच आठवत नाही, बीअर मात्र राहिली.

खरी गोम होती ढवळायच्या काठीत. हातभर लांब, टोकाला खाचा पाडलेली. शिजवलेल्या धान्याचं पाणी आधी गोड असतं. त्यात ती काठी फिरवली की फेस धरतो, गोडवा जातो आणि बीअर होते. दह्याला विरजण लागतं, तसं हिचं विरजण त्या खाचांमध्ये सुकून बसलेलं. म्हणून काठी चुलीच्या वर टांगायची, परक्याच्या हातात द्यायची नाही आणि कधी धुवायची नाही. लहानपणी मामा एकदा ती बादलीत बुडवायला निघाला होता. तेव्हा त्याच्या पाठीत बसलेला धपाटा आमच्या घरात अजून सांगितला जातो.

मामा पुढे बीअरच्या कारखान्यात लागला आणि साहेबांची मर्जी राखत सुपरवायझर झाला. एक दिवस फळांची पिशवी घेऊन आला. कारखान्याला आपल्यासारखी काळी करायची आहे, बाटलीवर ताईचं नाव येईल, काठी फक्त बघायला हवी, असं त्याचं म्हणणं. मी नको म्हटलं. काठी पुढे माझ्याकडे यायची होती, माझा जीव तिच्यात अडकलेला. मावशीनं उलट मलाच झापलं.

“तो काय परका आहे?”

काठी परत आली ती झकास कागदात गुंडाळून. उघडली तर लाकूड पांढरंफटक. खाचासुद्धा ब्रशनं घासलेल्या. मावशीनं धान्य शिजवलं, काठी फिरवली, मडक्यावर फडकं बांधलं. फेस आला नाही. ते ओतून तिनं पुन्हा शिजवलं, पुन्हा तेच. शेजारीणही बीअर करायची, तिच्या काठीनं फेस आला असता, पण चव शेजारणीची झाली असती. मावशीला ती नको होती. हळूहळू बाक रिकामे पडले. कुणा साफसफाईवाल्यानं अजाणता धुतली असेल, अशी मी मनाची समजूत घालत होते.

मग मामा नवी बाटली घेऊन आला. लेबलवर एक हसरी म्हातारी, आमच्या घरातल्या कुणाच्याच ओळखीची नसलेली. मावशीचं नाव कुठेच नाही. मी चाखून बघितली. आमचीच काळी. तोच करपट वास, मागे तोच कडवटपणा. रागानं मला रडू आलं. मावशी मात्र बाटली घेऊन काठीकडे निघाली. ती खाचांवर ओतणार, तेवढ्यात मामानं अडवलं.

“ताई, उपयोग नाही. बाटलीत भरताना तापवतात. त्यात जिवंत काही उरत नाही.”

मावशीनं बाटली खाली ठेवली.

“काठी कुणी धुतली?”

मामानं उंबऱ्याकडे बघत सांगितलं.

“मीच. साहेब म्हणाले, ही चव दुसरीकडे कुठे राहायला नको.”

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा तिच्याच हातचं जेवून मोठा झालेला. त्याला धक्के मारून बाहेर काढावं असं मला वाटलं. मावशीनं त्याला बाकावर बसायला सांगितलं. त्याचा जुना, कानाचा टवका उडालेला मग फळीवरून काढला, मडक्यातून काठोकाठ भरला आणि त्याच्यासमोर ठेवला. त्याचा चेहरा जरा सैलावला. माफी मिळाली असं वाटलं असावं. त्यानं मोठा घोट घेतला आणि थांबला.

“गोड लागतेय,” तो म्हणाला.

“हो,” मावशी म्हणाली. “आता अशीच होते. संपव.”