हलका हात

तोंडातल्या चट्ट्यांचे नमुने घेण्यात थोरलीचा हात धरणारं ती कामाला होती त्या दातांच्या दवाखान्यात कुणी नव्हतं. पण घरी तिला कोण विचारतो? घरी धाकटीचं राज्य होतं, आणि गंमत म्हणजे धाकटी त्या घरात राहतही नव्हती.

आईला आंघोळ घालायची थोरलीने, गोळ्या द्यायच्या थोरलीने, पाय चेपायचे थोरलीने, आणि आई डोळे मिटता मिटता विचारणार, "धाकटीचा फोन आला होता का गं?" धाकटी कधीतरी उगवायची, फळांची पिशवी टेबलावर ठेवायची आणि हसायची. हसली की डाव्या गालावर खळी पडायची. त्या खळीवर वडील भाळलेले, शेजारी भाळलेले, शाळेतल्या बाईसुद्धा भाळलेल्या. थोरलीच्या गालावर काहीच पडत नसे. आडपडदा कशाला ठेवा, तिचा चांगला जळफळाट व्हायचा. आणि वर तीच फळं धुऊन, कापून धाकटीपुढे ठेवायची!

त्याच गालाच्या आत एक पांढरा चट्टा उठला. पुसून जाईना, चूळ भरून जाईना. धाकटीने बरेच दिवस तो लपवला. मग एका सकाळी मुकाट्याने थोरलीच्या दवाखान्यात येऊन खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाईंनी गाल ताणून बघितलं आणि म्हणाल्या, "ब्रशने नमुना घेऊन लॅबला पाठवू. काही वाईट असलं तर वेळेत कळेल." मग थोरलीकडे वळून हळूच विचारलं, "बहीण आहे तुमची. मी घेऊ का?"

"नको, मीच घेते," थोरली म्हणाली. धाकटीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपला नसता, हेही तितकंच खरं.

तिने नमुना पसरायच्या काचपट्टीच्या खरखरीत टोकावर पेन्सिलीने बहिणीचं नाव लिहिलं. पेनाने लिहिलं तर नमुना टिकवायच्या अल्कोहोलात शाई धुऊन जाते आणि काच बेवारशी होते. मग ताठ केसांचा छोटा ब्रश घेतला. तो चट्ट्यावर दाबून जागच्या जागी फिरवायचा, रक्ताचा बारीक ठिपका दिसेपर्यंत. ठिपका दिसला म्हणजे ब्रश तळाच्या थरापर्यंत पोचला. रोग असलाच तर तो तिथे दडी मारून बसलेला असतो.

थोरलीने ब्रश दाबला. धाकटी कण्हली. आणि थोरलीला आतून बरं वाटलं.

ती स्वतःलाच घाबरली. आपण चट्टा घासतोय की खळी? तिचा हात आपोआप ढिला पडला. ब्रश नुसता गोंजारल्यासारखा फिरला. ठिपका उमटला नाही, आणि तिने तो शोधलाही नाही. ब्रशवर जे आलं होतं ते काचेवर पसरलं, सुकायच्या आत काच अल्कोहोलच्या बरणीत बुडवली आणि झाकण लावून टाकलं.

आईला दातांची तपासणी एवढंच सांगितलं होतं. संध्याकाळी आई म्हणाली, "धाकटी सांगत होती, आधी जरा टोचलं, मग काही कळलंच नाही. ताईचा हात फार हलका आहे म्हणाली. गुणाची गं माझी पोर!"

गुणाची पोर म्हणजे या खेपेला थोरली! तिला मूठभर मांस चढलं. त्या दिवशी तिने आईचे पाय जरा जास्तच वेळ चेपले.

लॅबकडून उत्तर आलं: पेशी अपुऱ्या, नमुना पुन्हा घ्यावा. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "वरवरचाच थर आलाय," एवढंच म्हणाल्या. "तुमच्या हातून असं कधी होत नाही." थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मत्सरापायी खसाखसा घासलं असतं तर निदान उत्तर तरी मिळालं असतं. ती गेली होती चांगुलपणा करायला, आणि त्या चांगुलपणाने बहिणीचे दिवस वाया घालवले होते. आत खरंच काही वाढत असेल तर?

धाकटी पुन्हा खुर्चीत बसली. "परत कशाला गं? परवा तर छान झालं होतं."

"छान झालं म्हणूनच परत. आज दुखेल. आ कर."

तिने ब्रश दाबला आणि फिरवला. धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने थोरलीचं मनगट गच्च धरलं. थोरलीला आतून पुन्हा बरं वाटायला लागलं. वाटू दे मेलं, ती मनात म्हणाली, आणि दाब तसूभर कमी केला नाही. लाल ठिपका दिसला तेव्हाच तिने ब्रश उचलला, काचेवर लेप पसरला आणि काच लगेच बरणीत सोडली.

धाकटीने गालाला रुमाल लावला. "तायडे, केवढा जोर! लहानपणापासूनचा राग काढलास ना?"

"काढला. थोडा शिल्लक आहे अजून."

धाकटी हसायला गेली आणि कळवळली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला भीती वाटतेय गं."

"मलाही," थोरली म्हणाली आणि तिच्या शेजारी बसून राहिली.

या खेपेला उत्तर स्पष्ट आलं. वाईट पेशी नव्हत्या. अक्कलदाढेची धारदार कड गालावर घासत होती. ती गुळगुळीत करायची आणि चट्ट्यावर लक्ष ठेवायचं. थोरली दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडली. मग नाक पुसून तिने धाकटीला फोन लावला.

"बघ, म्हटलं नव्हतं मी?" धाकटी तिकडून खिदळली. "माझं कधी काही वाईट होतच नाही मुळी!"

थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.