भावाच्या मरणाची साक्ष

दादा तांब्याची तार आणायला सुरतेला गेला आणि परत आला नाही. म्हसावदला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तो बांधून द्यायचा. घरात आई, तो आणि वहिनी. मूलबाळ नव्हतं. मी शहाद्याला सासरी, लोणखेड्याच्या कॉलेजात ग्रंथालयात कामाला. जाताना तो वहिनीला म्हणाला होता, उद्या दुपारी जेवायला घरी आहे. तिनं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याचं ताट झाकून ठेवलं, मग मला फोन केला.

पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद झाली. चौकशीला आलेले हवालदार वयानं मोठे, शांत बोलणारे. ओसरीवर खुर्ची टाकून त्यांनी विचारलं, "घरात काही भांडण?"

"नाही," मी म्हणाले.

"दारू? आणखी कुठे काही संबंध?"

वहिनी दारातच उभी होती. ती मान हलवून नाही म्हणाली आणि आत गेली. हवालदारांनी खाली बघत लिहिलं. त्यांनी ते मुद्दाम विचारलं असं मला वाटलं नाही. विचारायचंच असतं ते. पण त्या दिवसापासून वहिनीनं गल्लीतल्या बायकांत बसणं सोडलं.

मोबाइलचं शेवटचं लोकेशन नवापूरचं निघालं. नवापूरला आमचं कुणी नाही. तो गाडीतून तिथं का उतरला, की उतरलाच नाही आणि फोनच तिथं बंद पडला, हे आजही मला माहीत नाही. माझे मिस्टर आणि मी फोटो घेऊन दोन दिवस तिथं हिंडलो. स्टेशन, बसस्टँड, हायवेवरचे ढाबे, पोल्ट्री फार्म. लोक फोटो नीट निरखून बघायचे आणि नाही म्हणायचे.

पुढच्या वर्षी हवालदारांचा फोन आला. रुळांच्या कडेला एक अनोळखी मृतदेह सापडला होता, वय साधारण दादाएवढं. आईला न सांगता आम्ही गेलो. चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. दादाच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग होता. मी म्हटलं, मनगट दाखवा. डाग नव्हता. "आमचा नाही," मी म्हणाले आणि कागदावर सही केली. परतीच्या एसटीत मला रडू आलं. तो दादा नाही म्हणून आलं की तो दादा असता तर सगळं संपलं असतं म्हणून, हे मला मिस्टरांनाही सांगता येईना.

चौथ्या वर्षी आईच्या मोबाइलवर एक फोन आला. पलीकडून कुणी बोलेना. आई सांगते, श्वास ऐकू येत होता आणि मागे गाड्यांचे हॉर्न. ती आधी "कोन? कोन बोली ऱ्हायनं?" म्हणाली, आणि मग एकदम, "जेवना का रे?" फोन कट झाला. मी तो नंबर ठाण्यात नेऊन दिला. महिन्याभरानं हवालदार म्हणाले, "ताई, सिम बंद आहे. असे राँग नंबर रोज येतात." आईला मात्र जराही शंका नव्हती. "मन्हा पोऱ्या व्हता," ती म्हणायची. आम्ही कुणी तिला नाही म्हटलं नाही.

सात वर्षं झाली. वहिनीच्या मावशीनं तिच्यासाठी एक स्थळ आणलं. दोंडाईच्याचा विधुर, शाळेत नोकरीला, स्वभावानं सरळ. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, तुमी सांगशात तसं." तिचं वय तेव्हा चौतीस. मीच वकिलांकडे गेले. ते म्हणाले, सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं कोर्ट धरतं; पण ज्यांना त्याची खबर एरवी मिळालीच असती, त्या माणसांनी तसं सांगावं लागतं. म्हणजे बायकोनं. आणि आईनं.

आईला मी वकिलांच्या खोलीत घेऊन गेले. "सात वर्षांत मुलाचं पत्र, फोन, निरोप, काही?" त्यांनी विचारलं.

"फोन वना व्हता ना," आई म्हणाली.

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "बोलला का तो?"

"नही. पन तोच व्हता."

"आजी, हे कोर्टात सांगितलंत तर दावा टिकायचा नाही. बोललाच नाही, तर तो फोन त्याचा होता असं कशावरून?"

आई पदर सावरून उठली. बाहेर चहाच्या टपरीपाशी वहिनीनं तिच्या हातात कप दिला आणि म्हणाली, "आई, तुमले जे खरं वाटस ते सांगा. मी थांबसू." तिनं ते मनापासून म्हटलं होतं. तेच मला सोसेना. मी आईला काही समजवायला गेले नाही. काय समजवणार? मुलगा मेला म्हण, असं?

शहाद्याच्या कोर्टात तिची साक्ष झाली. पिंजऱ्याचा कठडा धरून ती उभी राहिली. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी कारकुनाला प्रश्न अहिराणीत समजावून द्यायला सांगितलं. कारकुनानं विचारलं, "आजी, तुमना पोऱ्यानी काही खबर वनी का?"

आईनं आधी वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं.

"नही," ती म्हणाली. "काहीच नही वनी."

टाइप करण्याचा आवाज झाला. तिचा अंगठा घेतला. आम्ही तिला बाहेर बाकावर आणून बसवलं, तेव्हा ती म्हणाली, "मी खोटं बोलनू का खरं बोलनू, माले समजनं नही." वहिनी तिच्या पायाशी खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली. मी पाण्याची बाटली हातात घेऊन तशीच उभी होते.

निकाल आमच्या बाजूनं लागला. असंच म्हणतात ना, आमच्या बाजूनं. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली. हवालदार तोवर निवृत्त झाले होते. नव्यांनी निकालाची प्रत फाइलला लावली. वहिनीचं लग्न मंदिरात, दहा-बारा माणसांत झालं. आई आली नाही, पण तिनं स्वतःची हिरवी साडी माझ्याबरोबर पाठवली. वहिनी तीच नेसली.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले होते. दुपारी वहिनीही आली, माहेरवाशिणीसारखी, पिशवीत सांजोऱ्या घेऊन. आमच्याकडे आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. आईनं वडिलांची भरली, वर खरबूज ठेवलं. शेजारी दुसरी घागर होती, कोरी. ती तिनं कधी आणून ठेवली, मला माहीत नाही.

"भरू का वं?" तिनं मला विचारलं.

कोर्टाचा कागद कपाटात होता. पंचायतीचा दाखला होता. मी लायब्ररीत रोज पोरांना हवं ते पुस्तक काढून देते, पण आईला हो किंवा नाही, एवढं म्हणता आलं नाही. वहिनी पिशवीतल्या सांजोऱ्या ताटात काढत राहिली. आईनं थोडा वेळ वाट पाहिली, मग वडिलांच्या घागरीला हात जोडून उठली आणि आम्हाला म्हणाली, चला, जेवून घ्या, पुरणपोळ्या गार होताहेत.