भागीरथीवहिनींचं मोडीवाचन

भागीरथीवहिनींवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. लांबच्या चुलतभावाची विधवा, मराठी शाळेतली निवृत्त शिक्षिका, राहणार सुरतेतलं नवागाम. प्लेगच्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, निम्मी सुरत पळाली, मीही बारडोली गाठली. या बाई मात्र तिथंच ठाण मांडून बसल्या. का बसल्या, याचाही मला संशय आला होता.

कापडाच्या लूमवरचे खानदेशी मजूर गावाकडची पत्रं त्यांच्याकडून वाचून घेत. एकदा माझ्यासमोरच सुपडू नावाचा मजूर आईचं पत्र घेऊन आला. "बाई, माय काय म्हनस?" वहिनींनी वाचून दाखवलं. पण मी बँकेत तीस वर्षं सह्या पारखलेल्या. त्यांचे डोळे कागदाच्या तळापर्यंत गेले आणि तोंड दोन ओळी आधीच थांबलं. ही बाई ओळी गाळते, हे मी तेव्हाच ओळखलं.

शहाण्णव साली आम्ही घराण्याचा कुळवृत्तांत छापायला काढला. अध्यक्ष मी. थोरली पाती, म्हणजे शाखा, सरदार राघोजींची, वहिनी त्या पातीच्या सून. धाकटी पाती राघोजींचे भाऊ निंबाजी यांची, म्हणजे आमची. गादीसाठी दोन राजपुत्र वीस वर्षं लढले आणि त्यात राघोजींनी तलवार गाजवली, एवढंच आम्हाला ठाऊक. जुने कागद सगळे मोडीत, आणि नात्यात मोडी येणाऱ्या एकट्या वहिनी.

रविवारी भाऊबंद माझ्या दिवाणखान्यात जमले. निंबाजींना मिळालेल्या वतनाची सनद तिथं फ्रेम करून लावलेली आहे. तिच्याखाली माझी नातवंडं मांडी घालून बसली. वहिनी एकेक कागद वाचू लागल्या. राघोजी पाच वेळा फिरले होते! आज थोरल्या राजपुत्राकडे, उद्या धाकट्याकडे, परत थोरल्याकडे.

वहिनींचा पुतण्या योगेंद्र उसळला. "काकू, आपल्याच घराण्याला फितूर ठरवता? तुमच्या माहेरचे त्या वेळी समोरच्या फौजेत होते, म्हणून ना?"

"कागदात आहे ते वाचलं," वहिनी म्हणाल्या.

"सगळं वाचलंत?" मी विचारलं. शेवटच्या कागदाला पुन्हा तेच झालं होतं. डोळे पुढे, तोंड बंद.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "हो, भाऊजी."

साफ खोटं. चोर सापडला म्हणून मला आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मी गाडीनं नंदुरबारला एका म्हाताऱ्या मोडी जाणकाराकडे गेलो. त्यांनी दोन तास वाचलं. वहिनींचा शब्द न् शब्द बरोबर निघाला. राहिला होता तो शेवटचा कागद. ते निंबाजींचं पत्र होतं, धाकट्या राजपुत्राला: "बंधूंचे चित्त तिकडेच आहे. त्यांचा लेक आपले ओलीस आहे, त्यास तसदी द्यावी, म्हणजे ते परततील. वतन सेवकाचे नावे करावे."

म्हणजे राघोजी मनानं थोरल्या राजपुत्राचेच होते. ते निसटत, सख्खा भाऊ चुगली करी, पोराचे हाल होत आणि बाप परत येई.

तसाच नवागामला गेलो. "हे का गाळलंत? स्वतःच्या पातीची बदनामी वाचलीत आणि आमची नाही?"

"सनदेखाली तुमची नातवंडं बसली होती," वहिनी म्हणाल्या. "आता तुम्हाला कळलंय. अध्यक्ष तुम्ही आहात, छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

कुळवृत्तांत निघाला. इतिहासाशी प्रामाणिक राहायला हवं, असं मीच समितीला ठणकावून सांगितलं, त्यामुळे राघोजींच्या पाचही फितुऱ्या त्यात आहेत. निंबाजींचं पत्र नाही.

योगेंद्र अजून काकूंशी बोलत नाही. लग्नाकार्यात त्या एकट्या बसलेल्या दिसल्या की मला लाज वाटते, पण मी उठून काही सांगत नाही. पत्र माझ्या कपाटात आहे. वहिनी कुणाला काही बोलणार नाहीत, एवढा विश्वास आता मला त्यांच्यावर आहे.