नदीचा कानोसा

डोंगरातली नदी फसवी असते. खाली आभाळ निरभ्र, माणसं काठावर खुर्च्या टाकून चहा पीत बसलेली, आणि वर कुठेतरी पाऊस कोसळून गेलेला. ते पाणी खाली पोचायच्या आधी पात्रातले दगड गडगडायला लागतात, एकमेकांवर आपटतात. तो आवाज ज्याला ओळखता येतो, त्याला घटकाभराची सवड मिळते. तेवढ्यात काठावरच्या गाड्या वर घ्यायच्या, केबिनमधल्या माणसांना बाहेर काढायचं. नदीकाठच्या एका पर्यटक कॅम्पवर हे काम एका म्हाताऱ्या राखणदाराकडे होतं. मालक त्याला कौतुकाने ‘आमचा कानोसा’ म्हणायचा. आणि आमचा हा कानोसा ठार बहिरा होता.

एका दिवसात काही झाला नव्हता. तरुणपणी तो सुतार म्हणून इथे आला. ओळीतल्या सगळ्या लाकडी केबिन त्याच्या हातच्या. करवतीच्या मशीनपाशी वर्षं गेली; कान तिथेच गेले की आणखी कशाने, देव जाणे. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटा, मग माणसं. नदी सगळ्यात शेवटी गेली. बांधकाम संपल्यावर जुन्या मालकाने त्याला राखणीला ठेवून घेतलं आणि कडेची केबिन राहायला दिली. तिथेच त्याचा संसार झाला. मूलबाळ नव्हतं. नोकरी सुटली की केबिन सुटणार, आणि मग शहरातल्या पुतण्याकडे बैठकीच्या खोलीत अंथरूण टाकायचं, एवढाच काय तो आसरा.

बहिरेपणाचं गुपित एकाच माणसाला ठाऊक होतं, बायकोला. बायकोचं ऐकत नाहीत असे नवरे घरोघरी असतात; या बिचाऱ्याकडे निदान कारण तरी होतं! ती चादरी धुवायची, केबिन झाडायची आणि दोघांच्या वाटचं ऐकायची. वर दगड वाजू लागले की हातातलं काम टाकून धावत यायची आणि त्याची बाही ओढायची. मग हा शिट्टी फुंकत काठाने पळत सुटायचा. ‘काका, तुमच्या कानांची कमाल आहे हं!’ असं लोक म्हणाले की ती वाळत घातलेल्या चादरीआड तोंड लपवून हसायची.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हाच मालकाला सांगायला हवं होतं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण तिची उशी, तिने शिवलेले पडदे, तिचा हात पोचेल अशा उंचीवर ठोकलेल्या फळ्या, सगळं त्या केबिनमध्ये होतं. तिथून उठून जायचं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवून यायचं. म्हणून गडी गप्प बसला. ही त्याची चूकच, मी काही त्याची बाजू घेणार नाही. इतरांच्या जिवावर असला खेळ कोणी खेळू नये. पाणी चढलं तर कळावं म्हणून पाण्यातल्या एका खडकावर डोळा ठेवून तो रात्री जागत बसायचा, आणि दिवसा माणसांशी बोलताना एकच युक्ती वापरायचा. हसून मान डोलवायची आणि ‘हो हो’ म्हणायचं. गरम पाणी येतंय ना? हो हो. उद्या हवा बरी राहील ना? हो हो. बहुतेक वेळा निभावून जायचं.

एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन घरगाडीतून आली होती. आत पलंग आणि ओटा असलेली, चाकांवरची खोलीच ती. दुपारी म्हातारा त्याच गाडीची पाण्याची नळी जोडत होता, नदीकडे पाठ करून. मुलगी उथळ पाण्यात खेळत होती. तिचा पाय दोन दगडांच्या फटीत अडकला, तोल गेला आणि ती छातीभर पाण्यात बसली. घाबरून ओरडायला लागली. तो हाकेच्या अंतरावर होता. हाका त्यालाच चालल्या होत्या. तो शांतपणे नळीची पट्टी आवळत राहिला. शेवटी आई गाडीतून धावत आली, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली आणि पोरीला ओढून बाहेर काढलं. एक बूट नदीने नेला, घोटा सोलवटला, बाकी देवाची कृपा.

म्हाताऱ्याने वळून पाहिलं, तर दोघी निथळत उभ्या. बाईचे ओठ इतके थरथरत होते की त्यांवरून त्याला एकही शब्द लागेना. पोर पाण्यात भिजली, टॉवेल हवा असेल, असं त्याला वाटलं.

“हिच्या हाका तुम्हाला ऐकू आल्या होत्या?”

“हो हो,” तो हसून म्हणाला.

“आणि तरी तुम्ही आला नाहीत?”

“हो हो, आत्ता आणतो,” म्हणत तो लगबगीने गेला आणि धुतलेला टॉवेल घेऊन आला. बाईने तो त्याच्या अंगावर फेकला. तेवढं मात्र त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आला. हा जुन्या मालकाचा मुलगा, लहानपणी म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसून नदी पाहिलेला. त्याला मिशी नव्हती आणि बोलायचा घसा ताणून, त्यामुळे त्याचे ओठ म्हाताऱ्याला वाचता यायचे. बाई निघायच्या तयारीने गाडीच्या पायरीवर बसली होती, शेजारी पोर.

“काका, या म्हणतात तुम्ही ऐकलंत आणि मुद्दाम कानाडोळा केलात. ही बुडत होती आणि तुम्ही हसलात. मी म्हटलं, शक्यच नाही, पंपाची मोटर चालू असणार. तुम्ही एवढंच म्हणा ना, मोटरमुळे ऐकू आलं नाही. विषय संपला.”

सगळं आयतं समोर आलं होतं. आणखी एकदा ‘हो हो’ म्हटलं की केबिन वाचत होती. पण काल काय घडलं, ते म्हाताऱ्याला आत्ता कुठे समजत होतं.

“ही मला हाका मारत होती?”

“म्हणजे काय, काका?”

तो गाडीपाशी गेला आणि पोरीसमोर उकिडवा बसला. “बाळ, काय म्हणून हाक मारलीस गं मला?”

पोरीने आईकडे पाहिलं. मग तोंड मोठं उघडून ओरडली, “काऽका! काऽका!” तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला. पलीकडच्या गाडीतली माणसं खिडकीतून डोकावली. म्हाताऱ्यापर्यंत काही म्हणजे काही पोचलं नाही. त्याला रडू आवरेना.

“मोटर बंद होती,” तो मालकाला म्हणाला. “मला ऐकू येत नाही. हिचं नाही, तुझं नाही, नदीचंही नाही. केव्हाचंच नाही.”

मालकाने वळून काठाकडे पाहिलं. काठावर निर्धास्त झोपलेली किती माणसं त्याच्या डोळ्यांसमोर आली असतील. त्याने विचारलं, “काकूंना माहीत होतं?”

“तीच तर ऐकायची. शाबासकी मला मिळायची.”

“काका, आता तुम्हाला इथे...” मालकाची नजर कडेच्या केबिनकडे गेली.

“कळतंय रे. पुतण्याला कळव, तो न्यायला येईल.”

बाईचा राग कधीच उतरला होता. ती उठून त्याच्यासमोर आली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “ऐकू येत नाही म्हणायचंत ना. हो हो का म्हणालात?”

“सवय हो, ताई. बायकोलाही तेच म्हणालो. शेवटच्या दिवशी ती काहीतरी सांगत होती, मागत असेल कदाचित. ओठ जेमतेम हलत होते, मला लागेना. परत विचारावं तर तिच्यात त्राण नव्हतं. म्हणून मी आपली मान डोलवली, हो हो म्हटलं. इतकं बरं वाटलं तिला! माझा हात दाबला आणि डोळे मिटले.” त्याने बाहीने तोंड पुसलं. “शब्द दिलाय मी तिला. कुठला दिलाय, तेच माहीत नाही. आता पाळू कसा?”